बाबा असो की रिंपोचे, आधी तपासणी

आरोग्य शिबिरात रक्तदाब मोजून झाला की बायका खुर्ची जवळ ओढतात आणि हळूच विचारतात, "ताई, अमका माणूस तंत्रविद्या जाणतो म्हणतात. खरा असेल का हो?" पूर्वी हा प्रश्न लोकलच्या डब्यात स्टिकर चिकटवणाऱ्या बंगाली बाबांपुरता होता. आता आपली शिकलेली मुलेही विचारतात. कुणी बोधगयेला जाऊन तांत्रिक अभिषेक घेऊन आलेला असतो, कुणी मोबाईलवरच गुरू निवडलेला असतो. बंगाली बाबाला भोंदू म्हणून आपण मोकळे होतो. पण समोरचा माणूस लाल चीवरातला, बुद्धाचे नाव घेणारा असला की आपली जीभ अडखळते. म्हणून या वेळी त्याच्याविषयीच लिहीत आहोत.

अमेरिकेतली एक घटना आम्हा नर्सेसना विसरता येत नाही. चोग्याम त्रुंग्पा या तिबेटी गुरूंनी १९७६ साली थॉमस रिच या अमेरिकन शिष्याला आपला उत्तराधिकारी नेमले. त्यांचे धम्मनाव ओसेल तेंझिन. त्रुंग्पा उघडपणे दारू पीत, आणि शिष्य त्यालाही शिकवणच समजत. १९८७ मध्ये पन्नाशीच्या आतच ते गेले; त्यात दारूचा वाटा मोठा होता. १९८८ च्या अखेरीस बाहेर आले ते याहून भयंकर. आपल्याला एचआयव्हीची लागण झाली आहे हे तेंझिन यांना माहीत होते, तरी निरोध न वापरता त्यांचे संबंध चालू होते. संस्थेतल्या काही जबाबदार मंडळींनाही ते ठाऊक होते. एका तरुणाला लागण झाली आणि पुढे तो दगावला. साधनेचे संरक्षण असल्यामुळे आपल्याकडून कुणाला बाधा होणार नाही, अशी तेंझिन यांची समजूत होती. विषाणूला कुणाची साधना कळते? १९९० मध्ये तेही एड्सनेच गेले.

दुसरे उदाहरण सोग्याल रिंपोचे यांचे. त्यांचे मृत्यूविषयीचे पुस्तक जगभर खपले. जुलै २०१७ मध्ये त्यांच्याच आठ ज्येष्ठ शिष्यांनी पत्र लिहून मारहाण, लैंगिक शोषण आणि उधळपट्टीचे आरोप केले. पुढच्याच महिन्यात ते संस्थेच्या प्रमुखपदावरून दूर झाले. संस्थेने नेमलेल्या वकिलांच्या चौकशीत २०१८ साली बरेच आरोप खरे मानले गेले. हे आठ जण तंत्रयानाचे विरोधक नव्हते, वर्षानुवर्षे साधना करणारे होते.

मग इतकी वर्षे सगळे गप्प का? तंत्रमार्गात दीक्षेबरोबर समय नावाचे बंधन येते. गुरूविषयी वाईट बोलणे म्हणजे ते बंधन मोडणे आणि मोडणाऱ्याला नरक, अशी भीती घातली जाते. इथे आम्हाला आमचा वॉर्ड आठवतो. दवाखान्यातही गुप्तता असते, पण ती रुग्णाची असते. रुग्णाने आपला आजार गावभर सांगावा, त्याला मुभा आहे; तोंड बंद ठेवायचे ते डॉक्टरने आणि आम्ही. अशा गुरूकडे हे नेमके उलटे होते. शिष्येचे घर, नवरा, पैसा, दुःख सगळे गुरूला माहीत आणि गुरूने काय केले ते मात्र तिने कुठे बोलायचे नाही. एखाद्या ठिकाणची गुप्तता कुणाला वाचवते, एवढे पाहिले तरी निम्मे निदान होते. पुरुष डॉक्टर महिला रुग्ण तपासतो तेव्हा आम्ही खोलीत उभ्या असतो. एकांतातल्या दीक्षेला दुसरी बाई का चालत नाही, हे विचारायला लाज कसली?

तथागतांनी स्वतःला या तपासणीतून वगळलेले नाही. मज्झिम निकायातल्या वीमंसक सुत्तात ते भिक्खूंना सांगतात की तथागतालाही पारखून घ्या, डोळ्यांनी पाहा, कानांनी ऐका. माणसाचे शील सहवासातून आणि दीर्घ काळाने कळते, हेही त्यांचेच सांगणे. आपण शिकवताना मूठ झाकून ठेवली नाही, असे त्यांनी अखेरच्या दिवसांत आनंदाला सांगितले. तिबेटी परंपरेतही गुरू-शिष्यांनी एकमेकांना बारा वर्षांपर्यंत पारखावे असे म्हणतात. आणि इथे रविवारच्या एका शिबिरात अभिषेक उरकतो!

आमची पद्धत साधी आहे. गुरूचे प्रवचन ऐकण्याआधी त्याला सोडून गेलेली दोन माणसे शोधावीत, खास करून बाया. त्याचा स्वयंपाकी, ड्रायव्हर, सेविका यांच्याशी तो कसा बोलतो ते पाहावे. त्याला नाही म्हटल्यावर काय होते, पैशाचा हिशेब कोण लिहितो, तक्रार कुणाकडे जाते? पंचशील त्याला लागू नाही, तो त्याच्या पलीकडे गेला आहे, असे कुणी सांगू लागले तर आम्ही चप्पल घालतो.

गोळ्यांच्या बाबतीत तर थांबूच नये. टीबीचा कोर्स, फेफऱ्याच्या, साखरेच्या किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या कुणी बंद करायला सांगितल्या, तर ते नाव आणि सहीसह लिहून मागा. आम्ही अनेकांकडे मागितले, एकानेही दिलेले नाही. फेफऱ्याची गोळी अचानक तोडली तर झटके थांबता थांबत नाहीत आणि जीवही जाऊ शकतो.

महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणे, दैवी शक्ती किंवा अवतार सांगून लैंगिक संबंध ठेवणे हे त्यात गुन्हे आहेत; शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. बाबा कोणत्या धर्माचा, हे कायदा विचारत नाही. तक्रारीला पोलीस ठाण्यात एकटीने जाऊ नका, मंडळातल्या दोघी-तिघी सोबत घ्या. तातडीला ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. आणि अशा ठिकाणाहून बाहेर पडलेल्या माणसाला झोप येत नसेल, भीती वाटत असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत.