आकलन आणि गुणांक : एका प्रवेशपरीक्षेच्या निमित्ताने

वाचलेल्या मजकुराचा अर्थ कळणे आणि तो कळला आहे हे प्रश्नोत्तरांतून सिद्ध करणे, या दोन गोष्टी सामान्यतः एकच मानल्या जातात. भाषेच्या अभ्यासकाला मात्र त्या वेगळ्या धराव्या लागतात. हा वेगळेपणा विशेष स्पष्टपणे प्रत्ययास येतो तो अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथील वैद्यकीय महाविद्यालयांसाठी घेतल्या जाणाऱ्या ‘मेडिकल कॉलेज ॲडमिशन टेस्ट’ अथवा संक्षेपाने ‘एमकॅट’ या परीक्षेत. परीक्षा तीन-चार आठवड्यांवर आली असता तिच्या वाचनविभागातील गुण वाढवता येतात काय, हा प्रश्न तेथील अनेक परीक्षार्थींपुढे उभा राहतो. त्याचे उत्तर देण्यासाठी आकलनाच्या स्वरूपाचाच विचार करावा लागतो.

१. परीक्षेचे स्वरूप

एमकॅटची पूर्वपीठिका १९२८ सालापर्यंत जाते. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण त्या काळी मोठे होते; म्हणून फ्रेड मॉस यांनी तयार केलेली एक अभियोग्यता-चाचणी त्या वर्षी वापरात आली. छापील मजकूर समजतो की नाही हे पाहणारा भाग तिच्यात तेव्हापासूनच होता. एप्रिल २०१५ पासून रूढ झालेल्या स्वरूपात परीक्षेचे चार विभाग आहेत. त्यांपैकी तीन विज्ञानविषयांशी निगडित असून चौथा ‘क्रिटिकल ॲनालिसिस अँड रीझनिंग स्किल्स’ हा आहे. त्यालाच परीक्षार्थी ‘कार्स’ म्हणतात.

या विभागात ९० मिनिटांत ९ उतारे वाचून ५३ प्रश्नांची उत्तरे द्यावयाची असतात. उतारा साधारणतः ५०० ते ६०० शब्दांचा असतो. निम्मे उतारे मानव्यविद्यांतील आणि निम्मे समाजशास्त्रांतील. विज्ञानाचा पाठ्यविषय त्यांत नसतो आणि उत्तरास लागणारी सर्व माहिती उताऱ्यातच असते. प्रश्न तीन प्रकारचे असतात. सुमारे ३० टक्के प्रश्न मजकुराच्या मूलभूत आकलनावर, ३० टक्के मजकुराच्या अंतर्गत युक्तिवादावर आणि ४० टक्के मजकुरातील विचार नव्या परिस्थितीस लावून पाहण्यावर असतात. गुणांक ११८ ते १३२ या श्रेणीत दिला जातो आणि श्रेणीचा मध्य १२५ हा आहे.

या विभागाचे वजन काही ठिकाणी फार मोठे आहे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठ प्रवेशाच्या वेळी एमकॅटच्या गुणांपैकी केवळ याच विभागाचा गुणांक विचारात घेते. शिवाय ही परीक्षा एका वर्षात तीनदा, लागोपाठच्या दोन वर्षांत चारदा आणि आयुष्यात सातदाच देता येते. सबब अपुऱ्या तयारीने दिलेली प्रत्येक परीक्षा मोजक्या संधींतून वजा होते.

२. अल्पावधीत काय वाढत नाही

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ साली वाचनाचे एक साधे सूत्र मांडले. त्यानुसार वाचनाकलन हा लिपिबद्ध शब्द ओळखण्याची क्षमता आणि भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार होय. पदवीपर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्यात पहिला घटक बहुधा परिपक्व असतो, म्हणून भेद उरतो तो दुसऱ्यात. हा दुसरा घटक शब्दसंपत्ती, वाक्यरचनेचा परिचय आणि विषयाचे पूर्वज्ञान यांनी घडलेला असतो. पूर्वज्ञानाचा प्रभाव किती असतो हे डॉना रेख्ट व लॉरेन लेस्ली यांच्या १९८८ च्या प्रयोगात दिसून आले. बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन ६४ शाळकरी मुलांना वाचावयास दिले असता, वाचनात कच्ची परंतु खेळाची माहिती असलेली मुले, वाचनात तरबेज पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली.

असे ज्ञान वर्षानुवर्षांच्या वाचनाने साचते, तीन आठवड्यांत नव्हे. अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशाच्या ‘सॅट’ परीक्षेच्या शिकवणीवर्गांची पाहणी डोनाल्ड पॉवर्स व डोनाल्ड रॉक यांनी १९९९ साली प्रसिद्ध केली. तीत शिकवणीचा परिणाम एकंदरीत अल्प आढळला, आणि गणितापेक्षा भाषाविभागात तो अधिकच अल्प होता. त्यामुळे परीक्षेच्या तोंडावर तत्त्वज्ञानाचे अथवा कलासमीक्षेचे ग्रंथ वाचून काढण्याचा खटाटोप सहसा निष्फळ ठरतो.

वाचनाची गती वाढवण्याचा आग्रहही असाच अस्थानी होय. मार्क ब्रिस्बार्ट यांच्या २०१९ च्या आढाव्यानुसार इंग्रजीतील ललितेतर गद्य मनात वाचण्याची प्रौढांची सरासरी गती मिनिटास सुमारे २३८ शब्द आहे. या गतीने ६०० शब्दांचा उतारा अडीच मिनिटांत संपतो. मजकूर बिकट असल्याने गती १५० वर आली, तरी चार मिनिटे पुरतात. प्रत्येक उताऱ्याच्या वाट्याला दहा मिनिटे येतात. म्हणजे प्रश्नांसाठी किमान सहा मिनिटे उरतातच. कीथ रेनर व त्यांचे सहकारी यांनी २०१६ साली शीघ्रवाचनाविषयीच्या संशोधनाचा परामर्श घेतला, तेव्हा गती फार वाढवली तर आकलन घटते असाच निष्कर्ष निघाला. वेळ बहुधा खर्ची पडतो तो वाचनात नव्हे, तर दोन पर्यायांमध्ये घुटमळण्यात आणि एकच वाक्य चारदा चाळण्यात.

३. अल्पावधीत काय सुधारते

क्षमता तीच राहूनही गुणांक बदलू शकतो, कारण क्षमता आणि कामगिरी यांत अंतर असते. ते कमी करणे एवढेच शेवटच्या आठवड्यांचे खरे कार्य होय. हे अंतर कशामुळे पडते, हे पुढील लहानशा उताऱ्यावरून ध्यानात येईल. तो या विवेचनापुरता रचलेला आहे.

“जुन्या नाण्यांचे संग्राहक इतिहासाची मोठी सेवा करतात, असे सर्वत्र मानले जाते. त्यांच्यावाचून कितीतरी नाणी वितळवली गेली असती, हेही खरे. परंतु ज्या मातीतून नाणे निघाले तिचा थर, शेजारचे मडके, राखेचा पट्टा यांची नोंद न होता ते संग्रहात येते, तेव्हा वस्तू राहते आणि साक्ष जाते.”

लेखकाचे मत कोणते, असा प्रश्न विचारून चार पर्याय दिले असे समजू : (क) संग्राहकांनी इतिहासाची मोठी सेवा केली आहे, (ख) नाण्यांच्या खाजगी संग्रहास कायद्याने बंदी असावी, (ग) वस्तूचे ऐतिहासिक मोल ती ज्या स्थितीत सापडली तिच्याशी निगडित असते, (घ) संग्रहात जाण्यापेक्षा नाणी वितळवली गेलेली बरी.

‘क’ या पर्यायात उताऱ्यातील शब्द जसेच्या तसे आहेत, आणि तेच त्याचे आमिष होय. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९१७ साली मुलांच्या परिच्छेदवाचनातील चुका तपासून दाखवले होते की, एखादा शब्द वाचकाच्या मनात वाजवीपेक्षा अधिक प्रबळ झाला म्हणजे तो सबंध वाक्याचा अर्थ आपल्याकडे खेचतो. ‘मोठी सेवा’ हे शब्द येथे तसेच प्रबळ होतात आणि ‘असे मानले जाते’ ही मतापासून अंतर राखणारी रचना दुर्लक्षिली जाते. ‘ख’ हे वाचकाचे स्वतःचे मत असू शकेल, पण लेखक तेथवर गेलेला नाही. ‘घ’ मध्ये ‘हेही खरे’ या शब्दांनी दिलेली कबुलीच उलटवली आहे. ‘ग’ मध्ये उताऱ्यातील शब्द फारसे नाहीत, परंतु तात्पर्य त्यातच आहे.

भारतीय परंपरेला ही समस्या अपरिचित नाही. ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्यासाठी उपक्रम व उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती ही मीमांसकांची गमके प्रसिद्ध आहेत. टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या (१९१५) आरंभीच त्यांचा आधार घेतला आहे. आरंभ आणि शेवट कोठे जुळतात, कोणती गोष्ट पुनःपुन्हा येते, नवे काय सांगितले आहे, कशाच्या बाजूने कारणे दिली आहेत, हे प्रश्न इंग्रजी निबंधालाही लागू पडतात. मात्र एक सावधगिरी अवश्य आहे. अशा निबंधाचा आरंभ पुष्कळदा पूर्वपक्षाने होतो आणि सिद्धान्त ‘परंतु’, ‘तथापि’, ‘वस्तुतः’ अशा अव्ययांनंतर येतो. म्हणून पहिले वाक्य उपक्रम आहे की पूर्वपक्ष, याचा निर्णय शेवटचे वाक्य पाहिल्यावाचून करू नये.

मजकुराबाहेर नेणाऱ्या प्रश्नांचे मर्मही यातूनच उलगडते. एखाद्या संग्राहकाने उत्खननस्थळाची संपूर्ण नोंद ठेवली तर लेखक काय म्हणेल, असे विचारल्यास नाण्यांविषयीची अधिक माहिती कामास येत नाही. लेखकाचा आक्षेप संग्रहावर नसून साक्ष हरवण्यावर आहे हे ज्याला कळले, त्याला तो आक्षेप येथे क्षीण होतो हेही कळते.

४. निदान आणि अभ्यासक्रम

पहिले पाऊल निदानाचे आहे. तीन-चार उतारे प्रथम वेळेच्या बंधनाविना आणि तितकेच दुसरे उतारे वेळ लावून सोडवावेत. बंधन नसताना उत्तरे लक्षणीयरीत्या सुधारत असतील, तर दोष वेळेच्या विनियोगात आहे आणि तो काही आठवड्यांत दूर होण्याजोगा आहे. सुधारत नसतील, तर दोष आकलनातच आहे. इंग्रजी ज्यांची दुसरी भाषा आहे अशांच्या बाबतीत तो शब्दसंपत्तीचाही असू शकतो. अशा परीक्षार्थीने युक्त्यांच्या मागे न लागता परीक्षा पुढे ढकलणे अधिक श्रेयस्कर होय.

दुसरे पाऊल चुकांच्या वर्गीकरणाचे. रोज दोन-तीनच उतारे घ्यावेत, शक्यतो परीक्षा घेणाऱ्या संस्थेनेच प्रसिद्ध केलेले. उतारा संपताच तो न पाहता त्याचा सिद्धान्त एका वाक्यात लिहावा. नंतर प्रत्येक चूक कोणत्या जातीची आहे याची नोंद करावी : शब्दसाम्याने फसणे, पूर्वपक्षाला सिद्धान्त समजणे, स्वतःचे मत मिसळणे, अथवा प्रश्नाचीच मागणी चुकीची वाचणे. आठवडाभरात बहुधा एक-दोन जातींचेच प्राबल्य दिसून येते आणि लक्ष कोठे ठेवावयाचे ते ठरते. ज्या प्रश्नाचे उत्तर बरोबर आले परंतु कारण सांगता आले नाही, तोही चुकीतच धरावा.

अखेरच्या आठवड्यात संपूर्ण ९० मिनिटांचा सराव करावा. कारण नवव्या उताऱ्यावरचा थकवा सुट्या उताऱ्यांच्या अभ्यासात अनुभवास येत नाही. चुकीच्या उत्तरास गुणवजावट नसल्याने कोणताही प्रश्न कोरा सोडू नये. प्रथम सुचलेले उत्तर बदलू नये ही समजूतही तपासून घ्यावी. लडी बेंजामिन व सहकाऱ्यांनी १९८४ साली घेतलेल्या आढाव्यात, उत्तर बदलण्याने बहुतेकदा चुकीचे उत्तर बरोबर होते असेच आढळून आले. अर्थात बदलास मजकुरातील आधार असावा. केवळ मनाची चलबिचल हा आधार नव्हे.

५. गुणांकाची मर्यादा

या विभागाच्या गुणांकाबरोबर एका गुणाची विश्वासमर्यादा दोन्ही बाजूंना धरली जाते; म्हणजे १२५ हा गुणांक १२४ ते १२६ या पट्ट्याचा निदर्शक असतो. सरावात आज १२५ आणि चार दिवसांनी १२६ मिळाले, तर ती प्रगतीच होय असे म्हणता येत नाही. तसेच १२४ मिळाले म्हणून पद्धत टाकून देणेही योग्य नाही. शेवटच्या दिवसांत दर सरावानंतर रीत बदलणारा परीक्षार्थी बहुधा मापनातील चढउतारालाच उत्तर देत असतो.

सारांश, अल्पावधीत आकलनशक्ती नव्याने निर्माण होत नाही. जी आहे ती उत्तरपत्रिकेपर्यंत पोहोचण्यात येणारे अडथळे मात्र दूर करता येतात. त्या अडथळ्यांतील मुख्य म्हणजे दुसऱ्याच्या म्हणण्यात आपले म्हणणे मिसळण्याची सवय होय. रोग्याची हकिकत ऐकताना ‘याला काय झाले असावे’ हे आधीच ठरवून टाकणाऱ्या वैद्याचा दोषही तोच असतो. वैद्यकाच्या प्रवेशद्वारी मानव्यविद्यांचे उतारे का ठेवावेत, या प्रश्नाचे समर्पक उत्तर बहुधा येथेच सापडते.