जमिनीची किंमत तुम्हीच सांगा

ऑक्टोबर १८९६. लंडनच्या पोर्टलंड प्लेसमधल्या चिनी वकिलातीत तिशीला टेकलेला एक डॉक्टर कोंडून ठेवला होता. आदल्या वर्षी ग्वांगझूमध्ये चिंग राजवटीविरुद्ध त्याने रचलेला उठाव फसला होता. आता त्याला गुपचूप जहाजात घालून चीनला न्यायचं, असा बेत होता. पुढे काय होणार, हे सांगायला नकोच. त्याने नाण्यांभोवती चिठ्ठ्या गुंडाळून खिडकीबाहेर भिरकावल्या. उपयोग झाला नाही. शेवटी वकिलातीतला इंग्रज नोकर कोल वळला आणि निरोप डॉ. जेम्स कँटलींकडे पोचला. कँटली म्हणजे हाँगकाँगच्या वैद्यकीय महाविद्यालयातले त्याचे गुरू, आणि राहायला वकिलातीपासून हाकेच्या अंतरावर! पोलिसांना आधी ही गोष्ट खरीच वाटेना. मग ‘ग्लोब’मध्ये बातमी झळकली, ब्रिटिश सरकारने दटावलं आणि बारा दिवसांनी सन यत-सेन सुटले, ते जगाला ठाऊक होऊनच. चिंग दरबाराने एवढी फुकट जाहिरात दुसऱ्या कुणाची केली नसेल.

सुटल्यावर हा क्रांतिकारक करतो काय? ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जाऊन बसतो!

राष्ट्रवाद, लोकशाही आणि लोकांची उपजीविका ही त्यांची पुढे गाजलेली त्रिसूत्री. पहिली दोन सूत्रं ओळखीची आहेत. खरी गंमत तिसऱ्यात. शहर वाढलं, रेल्वे आली की मालकाने काडी न हलवताही जमिनीचा भाव चढतो. हा मुद्दा अमेरिकी विचारवंत हेन्री जॉर्ज यांचा. सन यांनी त्याला अफलातून जोड दिली. जमिनीची किंमत मालकानेच जाहीर करायची. कर त्याच किमतीवर; पण सरकारला वाटलं तर त्याच किमतीला ती जमीन विकतही घेता येईल. कमी सांगावी तर जमीन जायची धास्ती, जास्त सांगावी तर कराचा बोजा. लबाडीला वावच नाही! जाहीर किमतीवर पुढे होणारी वाढ मात्र समाजाची.

क्रांती झाली ती त्यांच्या गैरहजेरीत. १० ऑक्टोबर १९११ ला वूचांगमध्ये सैनिकांनी बंड केलं, तेव्हा सन अमेरिकेत होते. बातमी त्यांना डेन्व्हरमध्ये वर्तमानपत्रातून कळली. १ जानेवारी १९१२ ला ते नानजिंगमध्ये हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले आणि काही आठवड्यांतच त्यांनी ते पद सेनानी युआन शिकाईसाठी सोडलं. या युआनने पुढे स्वतःलाच सम्राट म्हणून जाहीर केलं.

सगळ्यात नवल वाटतं ते सन यांच्या राज्यघटनेच्या आराखड्याचं. कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ हे तीन विभाग त्यांनी पाश्चात्त्यांकडून घेतले. त्यांत दोन घातले ते सम्राटांच्या चीनमधले: अधिकारी परीक्षेने निवडणं आणि त्या अधिकाऱ्यांवर नजर ठेवणं. जी राजवट उलथायची, तिच्याच घरातलं चांगलं सामान त्यांनी बिनदिक्कत उचललं. सन यत-सेन १९२५ मध्ये गेले. त्यांच्या प्रजासत्ताकाचं सरकार पुढे तैवानला गेलं; तिथल्या सरकारात आजही हे पाच विभाग आहेत आणि तिथल्या सरकारी नोकरीच्या परीक्षा त्यातला परीक्षा विभागच घेतो.