मंगळावरचा डाग आणि वसईचा दगड

गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकेच्या दर्शनी भागावरचा कोरीव काळा दगड वसईहून गेलेला आहे. पोर्तुगीज अमलात हा बेसाल्ट गलबतांत भरून गोव्याला जाई. वसई किल्ल्याचे तट याच दगडाचे, जीवदानी आणि तुंगारेश्वरचे डोंगरही याच दगडाचे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थिजलेला दख्खनचा लाव्हा आपण आज खडी फोडून रस्त्यात घालतो. चंद्रावर ज्या काळसर डागांत आपल्याला ससा दिसतो ते डाग याच जातीच्या खडकाचे आहेत. मंगळाचा बराचसा पृष्ठभागही बेसाल्टचाच. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर उभे दिसणारे बेसाल्टचे खांब मंगळावरच्या एका विवराच्या कडेलाही आहेत. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानावरच्या हायराइज कॅमेऱ्याने त्यांची छायाचित्रे घेतली आणि त्यावरचा शोधनिबंध २००९ साली प्रसिद्ध झाला. पृथ्वीवर असे खांब पाहिलेल्या माणसांनीच ते तिथे ओळखले.

हे आधी सांगण्याचे कारण असे की, ग्रहांच्या छायाचित्रांवर कृत्रिम बुद्धिमत्तेने चाललेल्या संशोधनाबद्दल आपल्याकडे बोलताना सगळा भर यंत्रावर असतो. खडकाचे नावही निघत नाही.

यंत्राची गरज का पडली, हे आकड्यांवरूनच कळते. मार्स रीकॉनिसन्स ऑर्बिटर हे यान २००५ साली निघाले आणि २००६ पासून मंगळाभोवती फिरते आहे. त्याच्या कॉन्टेक्स्ट कॅमेऱ्याच्या चित्रात एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे सुमारे ६ मीटर. अशा एका चित्रात नवे विवर आहे का, हे नीट पाहायला तज्ज्ञाला सुमारे ४० मिनिटे लागतात. चित्रे लाखाच्या घरात. अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या गटाने ६,८३० चित्रांवर एका प्रणालीला शिकवले आणि १ लाख १२ हजार चित्रे तिच्यापुढे ठेवली. एका चित्राला तिला सरासरी ५ सेकंद लागले. मार्च २०१० ते मे २०१२ या काळात पडलेल्या उल्केने केलेला विवरांचा एक पुंजका तिने नॉक्टिस फोसी या भागात दाखवला. २६ ऑगस्ट २०२० रोजी याच यानावरच्या हायराइजने जवळून चित्र घेतले आणि शोधावर शिक्कामोर्तब झाले.

इथे जरा थांबून हिशेब करावा. त्या पुंजक्यातले सर्वांत मोठे विवर जेमतेम ४ मीटर रुंद, आणि कॅमेऱ्याचा पिक्सेल ६ मीटरचा. म्हणजे यंत्राला विवर दिसलेच नव्हते! आघाताच्या धक्क्याने भोवतालची फिकट धूळ उडते, खालचा गडद थर उघडा पडतो आणि विवराच्या कितीतरी पट मोठा काळसर डाग तयार होतो. यंत्राने तो डाग ओळखला. पण असा डाग धुळीच्या प्रदेशातच उठून दिसतो. जिथे धूळ नाही तिथे तेवढीच उल्का पडली तरी खूण राहत नाही. साहजिकच शिकवणीसाठी मिळालेली उदाहरणे धुळीच्या भागातली, आणि यंत्र हुशार होते तेही तिथेच. त्याच्या यादीवरून ‘मंगळावर उल्का अमुक भागात जास्त पडतात’ असे कुणी म्हणू लागले तर ते साफ चूक ठरेल. ही चूक पकडायला संगणकशास्त्र पुरत नाही, धूळ कुठे साचते हे माहीत असावे लागते.

यंत्राला विवराची व्याख्या कुणी सांगत नाही. वसईच्या पाचूबंदरावर आईशेजारी बसून पोर मासळी निवडायला शिकते, तसेच हे शिक्षण: हजारो वेळा पाहायचे, चुकले की कुणीतरी हात धरायचा. इथे हात धरणारा म्हणजे आधी कुणीतरी खुणा करून ठेवलेली चित्रे. आणि त्या खुणांवर माणसांचेच एकमत नसते. २०१४ साली स्टुअर्ट रॉबिन्स आणि सहकाऱ्यांनी चंद्राची तीच छायाचित्रे अनेक तज्ज्ञांना आणि हौशी स्वयंसेवकांना मोजायला दिली, तेव्हा मुरलेल्या तज्ज्ञांच्या आकड्यांतही मोठी तफावत निघाली. झिजलेली कडा विवराची म्हणायची की नाही, हा शेवटी नजरेचा निर्णय असतो. त्यात उजेडाची फसवणूक वेगळी. ऊन चित्राच्या खालच्या बाजूने आले की खड्डा टेकडीसारखा दिसू लागतो. चित्र उलटे धरावे, टेकडीचा पुन्हा खड्डा होतो.

पीएचडीनंतर दोन-तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीवर काम करणारे पोस्टडॉक संशोधक या क्षेत्रात मोठा भार उचलतात. टोरांटो विद्यापीठात एरी सिलबर्ट आणि पोस्टडॉक असलेले मोहमद अली-दिब यांच्या गटाने चंद्राच्या दोन तृतीयांश भागावर प्रणालीला शिकवले आणि उरलेल्या भागावर तिची परीक्षा घेतली. तिने सुमारे ६,००० नवी विवरे दाखवली. मग तीच प्रणाली बुधाच्या चित्रांवर चालवली, तर तिथेही ती कामाला आली. व्हॅलेंटिन बिकेल यांच्या गटाने चंद्राची वीस लाखांहून अधिक छायाचित्रे चाळून दरडींच्या १,३६,६१० खुणा शोधल्या. २०२१ साली याच बिकेल यांनी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या कायम अंधाऱ्या विवरांत डोकावण्याची युक्ती काढली. अंधारात घेतलेल्या ७० हजारांहून अधिक चित्रांवरून यंत्राने कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंगाट शिकून घेतला. तो वजा केल्यावर उरतो तो खरा भूभाग. या सगळ्या कामांत मला हे सर्वांत सुंदर वाटते.

मराठी नावही या कामात आहे. पुण्याच्या आयुकामधून पीएचडी करून कॅल्टेकमध्ये गेलेले आशिष महाबळ हे डीपस्ट्रीक्स या २०१९ सालच्या प्रणालीच्या कर्त्यांपैकी एक. पृथ्वीजवळून वेगाने जाणारा लघुग्रह दुर्बिणीच्या चित्रात रेघ उमटवतो. खऱ्या रेघा निवडण्याचे रोजचे काही तासांचे काम या प्रणालीने दहा मिनिटांच्या आत आणले.

विरार लोकलने जाऊन-येऊन अभियांत्रिकी शिकणाऱ्या आपल्या मुलांसाठी यात एक मोठी सोय आहे. यासाठी स्वतःची दुर्बीण लागत नाही. इस्रोच्या प्रदान या संकेतस्थळावर चांद्रयान-२ ची चित्रे खुली आहेत. त्याच्या ओएचआरसी कॅमेऱ्याला १०० किलोमीटर उंचीवरून २५ सेंटिमीटरपर्यंतचा तपशील दिसतो, आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चा विक्रम उतरला ती जागा निवडताना याच कॅमेऱ्याची चित्रे वापरली होती. वसई रोडच्या विद्यावर्धिनीत किंवा विरारच्या व्हिवामध्ये शिकणाऱ्या मुलांना प्रणाली लिहिता येते. पण भूशास्त्र शिकतात ते स्थापत्य शाखेवाले. संगणकाच्या मुलांना चार वर्षांत खडक भेटत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कारण विवरे मोजायची ती जमिनीचे वय काढण्यासाठी. जितकी विवरे जास्त, तितकी जमीन जुनी. पण किती विवरे म्हणजे किती वय, हे कोष्टक नुसत्या चित्रांवरून बसत नाही. अपोलोच्या यात्रींनी आणलेल्या दगडांची वये प्रयोगशाळेत काढली, म्हणून ते बसले. चीनच्या चांग-ई-५ ने डिसेंबर २०२० मध्ये १,७३१ ग्रॅम माती आणि खडक आणले. त्यातल्या बेसाल्टचे वय सुमारे २०० कोटी वर्षे निघाले आणि कोष्टकातली मोठी फट भरली.

आपल्या घरचे विवर बुलढाणा जिल्ह्यात आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे लोणार हे बेसाल्टमधले जगातले सर्वांत चांगले टिकलेले आघातविवर. ते आघातानेच झाले याचे पुरावे १९७३ साली सायन्स नियतकालिकात मांडले गेले. त्याच्या वयाबद्दल मात्र एका पद्धतीने सुमारे ५० हजार वर्षे असे उत्तर आले आणि दुसऱ्या पद्धतीने, २०११ साली, सुमारे ५ लाख ७० हजार. दगड हातात असूनही दहापट फरक! चित्रावरून वय सांगणाऱ्या प्रणालीला किती जपून वापरावे, हे या एका उदाहरणावरून कळते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात विवरे शोधणारी प्रणाली करणाऱ्या गटाने एकदा लोणारला जावे. तिथे कडेवर बेसाल्टचे आडवे थर आघाताने वर उचलले जाऊन बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात. त्यांचे एकाच जागेवरून सकाळी, दुपारी आणि उन्हे कलल्यावर फोटो घ्यावेत. मग ते फोटो आणि ओएचआरसीची चित्रे शेजारी ठेवून, प्रत्येक सावली कड्याची की खड्ड्याची हे आधी स्वतः लिहून काढावे. यंत्राला शिकवायला त्यानंतर बसावे.