घरातील तंबाखू आणि बालकांची निकोटिन विषबाधा : स्वरूप व प्रतिबंध

प्रस्तावना

तंबाखूच्या दुष्परिणामांची चर्चा प्रामुख्याने सेवन करणाऱ्या प्रौढ व्यक्तीच्या संदर्भात होते. कर्करोग, हृदयविकार हे परिणाम अनेक वर्षांच्या व्यसनानंतर दिसून येतात. मात्र त्याच घरात रांगणाऱ्या बालकासाठी तंबाखू हे काही मिनिटांत परिणाम करणारे विष ठरू शकते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांचे प्रमाण २४.४ टक्के होते. म्हणजेच येथील घरांत हा प्रश्न सिगारेटच्या थोटकांपुरता मर्यादित नसून पुडी, चंची आणि मशेरीच्या डबीशी अधिक निगडित आहे. प्रस्तुत लेखात या विषबाधेचे स्वरूप व प्रतिबंधाचे उपाय यांचे विवेचन केले आहे.

विषाचे कार्य

१८२८ मध्ये पॉसेल्ट व रायमान या जर्मन संशोधकांनी तंबाखूपासून निकोटिन वेगळे केले. पुढे कीटकनाशक म्हणूनही त्याचा वापर झाला. हे द्रव्य चेतासंस्थेला प्रथम उत्तेजित करते व मात्रा अधिक असल्यास नंतर तिचे कार्य मंदावते. एका सिगारेटमध्ये सुमारे १० ते १५ मिलिग्रॅम निकोटिन असते. ओढणाऱ्याच्या शरीरात त्यातील केवळ १ ते २ मिलिग्रॅम जाते. बालक मात्र तंबाखू जाळत नाही, तर गिळते. शिवाय वर्षभराच्या बालकाचे वजन सुमारे ९ ते १० किलोग्रॅम असल्याने तेवढ्याच मात्रेचा परिणाम त्याच्यावर कितीतरी अधिक होतो. चुना लावून मळलेला तंबाखू विशेष घातक होय, कारण चुन्याच्या अल्कधर्मामुळे निकोटिन मुक्त होऊन तोंडाच्या अस्तरातून वेगाने शोषले जाते. ते त्वचेतूनही शरीरात प्रवेश करू शकते.

घरातील धोक्याची ठिकाणे

मशेरी म्हणजे भाजून काळा केलेला व कुटलेला तंबाखू. घरातील स्त्रिया तो दातांना लावतात. त्यामुळे त्याची डबी मोरीजवळ वा चुलीपाशी, म्हणजे मुलाच्या हाताला लागेल अशा उंचीवर असते. खुंटीवरच्या सदऱ्याचा खिसा, उशीखालची पुडी आणि अंगणात टाकलेली थोटके ही अन्य ठिकाणे होत. सोलापूरसारख्या शहरांत विडी कामगार स्त्रिया घरीच विड्या वळतात. सुपातील तंबाखू समोर आणि मूल शेजारी, अशी तेथे कामाची रचनाच असते. व्यसनमुक्तीसाठी मिळणाऱ्या निकोटिनच्या गोळ्या व च्युइंगम मुलांना खाऊसारखे वाटतात. देशात २०१९ पासून ई-सिगारेटवर बंदी असली, तरी तिच्यातील द्रव कोठे आढळल्यास तो अत्यंत घातक समजावा.

लक्षणे व तातडीचे उपाय

बहुधा पाऊण-एक तासाच्या आत मळमळ, उलटी, लाळ गळणे, घाम, फिकटपणा व नाडीची जलद गती ही लक्षणे दिसतात. उलटीमुळे बरेचसे विष बाहेर पडते व बहुसंख्य मुले बरी होतात. परंतु मात्रा मोठी असल्यास झटके, सुस्ती, स्नायूंची दुर्बलता व श्वसनावरोध संभवतो.

तोंडातील तंबाखू बोटाने काढून तोंड पुसावे, त्वचा साबण-पाण्याने धुवावी. मिठाचे पाणी देऊन उलटी करविणे टाळावे. झटका आल्यास उलटी श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. शुद्ध हरपल्यास मुलास कुशीवर निजवावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. पुडी सोबत न्यावी. निकोटिनवर विशिष्ट उतारा नाही. श्वसन व रक्ताभिसरण सांभाळणे हाच उपचार असल्याने वेळ महत्त्वाचा ठरतो.

प्रतिबंध : कायदा व कुटुंब

अमेरिकेत २०१६ मध्ये संमत झालेल्या कायद्यानुसार द्रवरूप निकोटिनच्या बाटलीस मुलांना न उघडणारे झाकण आवश्यक आहे. आपल्याकडील तंबाखूची पुडी मात्र दातांनीही फाटते. २०१६ पासून वेष्टनाच्या ८५ टक्के भागावर असलेला इशारा सेवन करणाऱ्यास उद्देशून आहे. मुलाच्या हाती पुडी लागू देऊ नये, हे तो सांगत नाही. त्यामुळे ही जबाबदारी सध्या तरी घरावरच येऊन पडते. तंबाखू घट्ट झाकणाच्या डब्यात, उंचावर, कुलुपात ठेवावा. सेवनानंतर वा विड्या वळून झाल्यावर हात धुतल्याखेरीज मुलास भरवू नये. थुंकी व थोटके उघड्यावर टाकू नयेत. वाचाहीन बालकास डबीतील भेद कळत नाही, हे गृहीत धरूनच घराची मांडणी करावी.

समारोप

व्यसनमुक्ती हा कायमचा उपाय होय. परंतु ती साधण्यास वेळ लागतो आणि तोवर मूल रांगतच असते. म्हणून व्यसन सुटण्याची वाट न पाहता डबी उंचावर ठेवण्याचा आग्रह प्रथम धरावा लागेल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या ग्रामशिबिरांत विद्यार्थी घरोघरी जातात. 'तंबाखू सोडा' या संदेशासोबत 'तो कोठे ठेवता?' हा प्रश्नही त्यांनी विचारल्यास एखाद्या बालकाचे प्राण वाचू शकतील. या दृष्टीने महाविद्यालयीन अध्यापकांचे मार्गदर्शन मोलाचे ठरेल.