मोटारसायकलचा पुढील दिवा

मोटारसायकलचा पुढील दिवा (हेडलाइट) हा चालकाला रस्ता दाखवणारा आणि इतरांना वाहनाचे अस्तित्व जाणवून देणारा दिवा आहे. मोटारीला पुढे दोन दिवे असतात, मोटारसायकलला बहुधा एकच. एकाच प्रकाशबिंदूवरून अंतर व वेग यांचा अंदाज घेणे अवघड जाते. भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हा दिवा इंजिन सुरू असेपर्यंत, दिवसाही, आपोआप चालू राहणे बंधनकारक आहे.

जुन्या अनेक मोटारसायकलींत दिव्याला वीज थेट मॅग्नेटोकडून मिळे. त्यामुळे खड्डे वा वळण आले, इंजिनाचा वेग मंदावला की नेमका प्रकाशही मंदावे. बॅटरीवरील दिव्यातही बारीक तारा, गंजलेले जोड व जुनी बटणे यांत विद्युतदाब घटतो. हॅलोजन बल्बला मिळणारा दाब १० टक्क्यांनी घटल्यास प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो. म्हणून अधिक वॅटचा बल्ब बसवण्याआधी जाड तारा, फ्यूज व रिले वापरून बॅटरीकडून वीज देणे श्रेयस्कर ठरते. मोठ्या बल्बच्या उष्णतेने होल्डर वितळण्याचा धोका असतो. हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात एलईडी बल्ब बसवल्यास झोत विस्कटून समोरच्याचे डोळे दिपू शकतात.

पूरक दिवे मुख्य दिव्याखाली दोन्ही बाजूंना बसवल्यास दिव्यांचा त्रिकोण दिसतो व मोटारसायकल ओळखणे सोपे जाते. धुक्यासाठीच्या दिव्याचा झोत रुंद असून वरच्या बाजूस तो स्पष्टपणे कापलेला असतो. त्याच्या पिवळ्या रंगाला दिले जाणारे महत्त्व अवाजवी आहे. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीहून बरेच मोठे असल्याने सर्व रंग जवळपास सारखेच विखुरतात. मागे सहप्रवासी बसल्यास झोत वर उचलला जातो, त्यामुळे दिव्याचा कोन भारासहित तपासावा लागतो.