स्ट्रायकरचा गुडघा

२८ जानेवारी १९८९ रोजी इंग्लंडमधल्या एफ. ए. कप स्पर्धेत नॉर्विच सिटीने सटन युनायटेडचा ८-० असा धुव्वा उडवला. याच छोट्या सटनने आधीच्या फेरीत पहिल्या श्रेणीतल्या कॉव्हेंट्री सिटीला हरवून खळबळ उडवली होती. आठपैकी चार गोल एकट्या माल्कम ॲलनचे होते. उत्तर वेल्समधला हा स्ट्रायकर तेव्हा २१ वर्षांचा होता. वॉटफर्ड, नॉर्विच, मिलवॉल असा प्रवास करत १९९३ मध्ये तो केविन कीगन यांच्या न्यूकॅसल संघात दाखल झाला. वेल्सकडून तो १४ सामने खेळला. पण न्यूकॅसलमध्ये गुडघ्याच्या दुखापतीने गाठले आणि तिशीच्या आतच व्यावसायिक खेळ संपला.

एका सांध्यामुळे धडधाकट तरुणाची कारकीर्द कशी संपते? त्याचे उत्तर गुडघ्याच्या रचनेत आहे. मांडीचे आणि नडगीचे हाड जिथे भेटतात, तिथे दोन्हींच्या टोकांवर काही मिलिमीटर जाडीचे गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ते झिजले की नीट भरून येत नाही. त्यात चेतातंतूही नसतात, म्हणून झीज सुरू झाली तरी बराच काळ काही दुखत नाही. दुखू लागते तेव्हा नुकसान बरेच पुढे गेलेले असते.

दोन्ही हाडांमध्ये धक्के झेलणाऱ्या दोन चकत्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात. पूर्वी त्या फाटल्या की सर्रास पूर्ण काढून टाकल्या जात. अशा गुडघ्यांच्या एक्स-रेमध्ये पुढे झिजेच्या खुणा दिसतात, हे फेअरबँक या शल्यविशारदांनी १९४८ मध्येच दाखवले होते. तरीही ती पद्धत पुढे कित्येक वर्षे चालू राहिली. आता दुर्बिणीतून शक्य तेवढी चकती शिवून वाचवतात.

तिसरा घटक म्हणजे सांध्याला स्थिर ठेवणारे लिगामेंट. पाय जमिनीत रोवलेला असताना शरीर वळले की पुढचे लिगामेंट, म्हणजे एसीएल, तुटू शकते. त्यासाठी प्रतिस्पर्ध्याची धडक लागतेच असे नाही. आमच्या बाह्यरुग्ण विभागात असे गुडघे फुटबॉलपेक्षा कबड्डी आणि कुस्तीतून जास्त येतात, आणि बरेचदा तेलाने चोळून, पट्टा बांधून, दोन-तीन महिने उशिरा येतात. तोपर्यंत मांडीचा स्नायू वाळलेला असतो आणि लचकणाऱ्या सांध्यात चकतीही फाटलेली असते.

म्हणून काही खुणा लक्षात ठेवा. दुखापतीच्या वेळी ‘कट्’ असा आवाज आला आणि दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगला, तर आत रक्तस्राव झाला असण्याची, बहुधा एसीएल तुटल्याची, शक्यता मोठी. सूज दुसऱ्या दिवशी हळूहळू आली आणि गुडघा अडकू लागला, तर चकतीचा संशय घ्यावा. चालताना गुडघा अचानक दगा देत असेल, तर खेळ थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. पहिल्या दोन दिवसांत बर्फाचा शेक, दाबपट्टी आणि विश्रांती. मालिश आणि गरम शेक नको. वेदनाशामक इंजेक्शन घेऊन ‘एवढी फायनल खेळतो’ हा हट्ट सर्वांत महाग पडतो. इंजेक्शनने वेदना दबते, इजा वाढतच राहते.

एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला किमान नऊ महिने लागतात, तेही रोजचा व्यायाम करून. त्यापेक्षा दुखापत टाळणे सोपे. ‘फिफा ११+’ हा सुमारे वीस मिनिटांचा वॉर्म-अप आठवड्यातून दोनदा केला, तरी दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी होतात, असे अभ्यासांत दिसले आहे. त्यात धावणे, मांडी व पोटाचे व्यायाम, तोल सांभाळणे आणि उडी मारून गुडघे आत न वळवता उतरणे एवढेच असते. त्याला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. तालुक्याच्या मैदानावरचा प्रशिक्षकही उद्यापासून तो सुरू करू शकतो.