नाताळची भेट : ताट कीं पोस्त ?

नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या निमित्तानें इंग्लंडांत संसार थाटलेला मुलगा अथवा मुलगी आज आपल्यांपैकीं पुष्कळ घरांत आहे. तिकडे घरांत आजी नाहीं, काकू नाहीं, हांकेच्या अंतरावर मावशी नाहीं. आईची रजा संपली कीं वर्षाचें मूल सकाळीं पाळणाघरांत जातें व दिवेलागणीला घरीं येतें. डिसेंबर उजाडला म्हणजे तिकडच्या सूनबाईंना एक प्रश्न पडतो आणि तो फोनवरून सासूबाईंपर्यंत येऊन पोंचतो. मुलाला सांभाळणाऱ्या बायकांना नाताळांत काय द्यावें ? घरभाडें व पाळणाघराची फी भागवून हातांत फारसें उरत नाहीं. आणि कांहींच न देणें मनाला पटत नाहीं. या प्रश्नाचा वाचकांबरोबर थोडा विचार करावा, असें आम्हांस वाटतें.

आपल्या दिवाळींत देण्याचे दोन प्रकार आहेत. शेजारीं व आप्तांकडे फराळाचें ताट जातें. गडी, मोलकरीण, टपालवाला यांना पोस्त मिळते. ताट जातें तसें परत येतें, आणि रिकामें येत नाहीं. पोस्त मात्र एकाच दिशेनें जाते. देणारा वर उभा असतो, घेणारा खालीं. नाताळांतही हा भेद आहे. गोव्यांत या दिवसांत ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून नेवऱ्या व दोदोल येतात, तें ताटच होय. उलट इंग्लंडांत २५ डिसेंबरला घरच्या माणसांनीं परस्परांस भेटी द्याव्या आणि २६ डिसेंबरला नोकरचाकर व माल पोंचविणारे यांना भेटीची पेटी द्यावी, अशी जुनी चाल होती. त्या पेटीवरूनच 'बॉक्सिंग डे' हें नांव रूढ झालें, असें सामान्यतः मानतात. तेव्हां खरा प्रश्न असा कीं, पाळणाघरांतील बाईंना ताट द्यावयाचें कीं पोस्त ?

त्यांना पगार मिळतो, म्हणून पोस्त, असें कोणी म्हणेल. परंतु त्यांचें काम डोळ्यांपुढें आणून पाहावें. इंग्लंडच्या नियमाप्रमाणें दोन वर्षांच्या आंतील तीन मुलांमागें निदान एक मोठें माणूस असावें लागतें; दोन वर्षांच्या मुलांसाठीं हें प्रमाण पूर्वीं चारांस एक होतें, तें २०२३ च्या सप्टेंबरपासून पांचांस एक झालें. शिवाय प्रत्येक मुलाची विशेष जबाबदारी एका ठराविक व्यक्तीकडे सोंपविलेली असते. आई दारांतून वळली कीं रडणारें मूल जिच्या खांद्यावर डोकें टेकतें, ती हीच. मूल काय जेवलें, किती निजलें, अंग तापलें काय, पहिलें पाऊल केव्हां टाकलें, हें तिला आईच्या आधीं ठाऊक असतें. असें असून तिकडेही या कामाचा पगार तुटपुंजाच असतो. एकत्र कुटुंबांत जें आजीनें केलें असतें, तें या बाई करतात. आणि आजीला कोणी पोस्त देत नाहीं. म्हणून आमचा कौल ताटाला आहे. एकदां हें ठरलें म्हणजे किंमतीची चिंता आपोआप कमी होते, कारण ताटाचें मोल कोणी विचारीत नाहीं.

सर्वांत उत्तम व सर्वांत स्वस्त भेट म्हणजे पत्र. 'आपले फार आभार' एवढेंच छापलेलें कार्ड नव्हे. दोन-तीन खऱ्या गोष्टी लिहिलेलें, आईबापांच्या हातचें पत्र. मूल पूर्वीं वाटाणा तोंडांत धरीत नसे, आतां मागून खातें. ऑक्टोबरांत दारांत रडे, आतां हात सोडून धांवत आंत जातें. हें कोणामुळें झालें, तें नांव घेऊन लिहावें. पत्राची एक प्रत पाळणाघराच्या व्यवस्थापकांकडे द्यावी. कामाची अशी लेखी पावती त्या बाईंना पुढें उपयोगी पडते. पत्राबरोबर मुलाच्या हाताचा रंगीत ठसा किंवा त्यानें ओढलेल्या रेघोट्या असल्या म्हणजे झालें. येथून आजी-आजोबांनींही दोन ओळी मराठींत लिहून धाडाव्या व मुलानें त्यांचा अर्थ खालीं द्यावा. समुद्रापलीकडून आलेला आशीर्वाद लहान मानूं नये.

वस्तूच द्यावयाची तर ती त्यांच्या कामाकडे पाहून निवडावी. दुपटीं बदलणें, नाकें पुसणें, घांस भरविणें, यांत दिवसभर हात धुवावे लागतात आणि तिकडच्या थंडींत त्वचेला भेगा पडतात. म्हणून हाताला लावण्याचें साधें, बिनवासाचें मलम उपयोगी पडतें. हिंवाळ्यांतही मुलांना बाहेर खेळावयास नेतात, त्यामुळें लोकरी मोजे वायां जात नाहींत. हायसिंथचा एक कंद लहान कुंडींत लावून द्यावा. ऐन थंडींत फुलतो व खोली सुवासानें भरून टाकतो. यांतील कोणतीही वस्तू पांच पौंडांच्या आंतबाहेर येते. कपबश्या, अत्तरें व मेणबत्त्या मात्र टाळाव्या. दर वर्षीं त्यांचा ढीग पडतो. मद्य तर नकोच.

आपल्या गृहिणींचा ओढा फराळाकडे असणार. शंकरपाळे किंवा चिवडा देण्यास हरकत नाहीं, पण एक काळजी घ्यावी. शेंगदाणे, तीळ, काजू-बदाम, दूध, गहूं यांचें कित्येकांना वावडें असतें, आणि शेंगदाणा व सुकामेवा आंत आणूंच नये असा पुष्कळ पाळणाघरांचा नियम असतो. म्हणून आधीं विचारावें, पदार्थांत काय काय घातलें आहे तें डब्यावर चिठ्ठी चिकटवून लिहावें, आणि डबा मुलांच्या खोलींत न देता कार्यालयांत द्यावा.

सर्वांसाठीं मिळून एक भेट द्यावयाची असल्यास दोन सूचना करतों. जर्मनींत फ्रेडरिक फ्रोबेल यानें १८४० सालीं आपल्या बालशाळेस 'किंडरगार्टन' हें नांव दिलें. मुलांच्या हातीं द्यावयाच्या खेळसाहित्याला त्यानें 'भेटी' म्हटलें, आणि त्यांतील पहिली भेट म्हणजे लोकरीचे सहा रंगांचे सहा चेंडू. असे चेंडू विणणें आपल्या आजीबाईंना मुळींच अवघड नाहीं. वीण घट्ट असावी व सुटा दोरा किंवा गुंडी नसावी, एवढें पाहावें आणि पाळणाघराची परवानगी घ्यावी. दुसरी भेट म्हणजे हातानें शिवलेली आठ पानांची लहानशी वही. मंमं, भूर, बाऊ, गाई हे मूल बोलतें ते शब्द, त्यांचे उच्चार व अर्थ इंग्रजींत त्यांत लिहावे. मूल 'बाऊ' म्हणून बोट दाखवितें तेव्हां त्याला लागलें आहे, हें परक्या देशांतील बाईंना कळावें, यापरतें उपयुक्त काय असूं शकेल ?

देण्याची रीतही सांगितली पाहिजे. कित्येक पाळणाघरांत भेटी घेण्याविषयीं नियम असतात, ते आधीं विचारून घ्यावे. नाताळच्या सुमारास सुट्टी असते व कांहीं बाई आठवड्यांतून दोन-तीनच दिवस येतात. म्हणून डिसेंबरच्या पूर्वार्धांतच भेट पोंचवावी. वर्गणी काढावयाची झाल्यास ज्यानें त्यानें आपल्या ऐपतीप्रमाणें द्यावी, आकडे कोणास दाखवूं नयेत, आणि न देणाऱ्याचेंही नांव कार्डावर असावें. स्वयंपाकीण, झाडलोट करणारी, शिकाऊ मुलगी यांना वगळूं नये. आणि नाताळ हा ज्यांचा सण नाहीं अशाही बाई तेथें असतात; त्यांच्यासाठीं 'वर्षाअखेरची आठवण' एवढे शब्द पुरेत.

हा विचार दूरदेशापुरता नाहीं. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हांपासून अंगणवाडीच्या सेविका व मदतनीस मुलांना सांभाळीत आल्या आहेत, आणि त्यांना अजून वेतन नव्हे, मानधन मिळतें. आपल्या गल्लींतील बालवाडींतही शिकविणाऱ्या ताईंना आपण भेट देतों आणि मुलाची चड्डी बदलणाऱ्या मावशींच्या हातावर पोस्त ठेवतों. येत्या दिवाळींत मावशींच्या घरीं फराळाचें ताट धाडावें, आणि त्यांच्याकडून तें भरून आलें तर आनंदानें घ्यावें, एवढीच आमची विनंति आहे.